मेंडेलचा वाटाणा आणि वीसनखी कुत्रं

शेतकरी बंधूंनो, मळ्यात राखणीला कुत्रं आणायचं झालं की आपण आधी काय करतो? पिल्लाचे पंजे उचलून नखं मोजतो. वीस भरली की कुत्रं वीसनखी, म्हणजे अस्सल. डोळ्यांवर तांबूस ठिपके असले की बाप डॉबरमन, अंगानं लांबट असलं की आजी कारवानी, असं सांगणारे गावात पैशाला पासरी. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात पंचकल्याणी घोड्याचे पांढरे पाय बघून बोली चढते, त्यातलाच हा प्रकार. अंगावरच्या खुणेवरून खानदान कळतं, हा आपला पिढीजात समज. तो कितपत खरा, हे ज्याच्या कामामुळे उलगडलं तो माणूस शेतकऱ्याच्याच पोटचा होता. ग्रेगर मेंडेल त्याचं नाव. तुमच्या मुलांनी शाळेत त्याचा वाटाणा पाठ केला असेल, पण त्याची हकिगत फारशी कुणी सांगत नाही.

मेंडेल जन्मला जुलै १८२२ मध्ये, आज झेक प्रजासत्ताकात असलेल्या एका खेड्यात. तेव्हा तिथे ऑस्ट्रियाच्या बादशहाचं राज्य होतं. जन्मनाव योहान. बाप अंतोन लहान शेतकरी, आणि आठवड्यातले तीन दिवस जमीनदाराच्या शेतावर वेठबिगारी. उरलेल्या वेळात घरची शेती आणि फळझाडांची कलमं. योहान बापाच्या हाताखाली कलमं बांधायला शिकला. १८३८ मध्ये लाकडाचा ओंडका अंगावर येऊन बाप अधू झाला. पुढे शेत जावयाकडे गेलं आणि पोराचं शिक्षण अडलं. तेव्हा धाकटी बहीण तेरेझिया पुढे आली. तिनं आपल्या हुंड्यातला वाटा भावाच्या शिक्षणाला दिला. मेंडेलनं हे उपकार ठेवले नाहीत. पुढे तिच्या तिन्ही मुलांच्या शिक्षणाला त्यानं मदत केली.

पोटाची चिंता मिटावी आणि शिकायलाही मिळावं म्हणून १८४३ मध्ये तो ब्रनो शहरातल्या मठात दाखल झाला. तिथे त्याला ग्रेगर हे नाव मिळालं. मास्तरकी करू लागला, पण १८५० मध्ये शिक्षकाच्या परीक्षेत नापास झाला. मठानं त्याला दोन वर्षं व्हिएन्नाच्या विद्यापीठात शिकायला पाठवलं. १८५६ मध्ये पुन्हा परीक्षेला बसला, तीही पदरात पडली नाही. म्हणजे कायम मास्तराचा शिक्का त्याला कधी मिळालाच नाही.

पण त्याच वर्षी मठाच्या बागेत त्यानं कामाला हात घातला. जागा जेमतेम ३५ मीटर लांब आणि ७ मीटर रुंद. वाटाण्याचे ३४ वाण आणून दोन वर्षं नुसते पेरून पाहिले, आणि जे बियाणं पिढ्यान्‌पिढ्या तसंच उतरतं असे २२ वाण ठेवले. आपल्याकडे संकरित कपाशीच्या बीजोत्पादनात फुलातले पुंकेसर काढून दुसऱ्या वाणाचा पराग लावतात. तसंच नाजूक काम मेंडेलनं वाटाण्याच्या फुलांवर आठ वर्षं केलं. सुमारे २८ हजार रोपं त्यानं तपासली.

आता हिशेब बघा. जांभळ्या फुलांच्या वाणाशी पांढऱ्या फुलांच्या वाणाचा संकर केला, तर पहिल्या पिढीत सगळी फुलं जांभळी आली. पांढरा रंग गेला, असं कुणालाही वाटलं असतं. पण या पिढीचं बी पेरलं तर ९२९ झाडांपैकी ७०५ जांभळी आणि २२४ पांढरी निघाली. पांढरा रंग गेला नव्हता, आत दडून बसला होता.

दुसरा हिशेब याहून महत्त्वाचा. गोल पिवळ्या आणि सुरकुतलेल्या हिरव्या दाण्यांचा संकर करून दुसऱ्या पिढीचे ५५६ दाणे मोजले. ३१५ गोल पिवळे, १०८ गोल हिरवे, १०१ सुरकुतलेले पिवळे आणि ३२ सुरकुतलेले हिरवे. म्हणजे रंग एका वाटेनं गेला, आकार दुसऱ्या वाटेनं. पिवळ्या रंगाबरोबर गोलाई आलीच पाहिजे, असा काही नेम नव्हता.

१८६५ च्या फेब्रुवारी आणि मार्चमध्ये ब्रनोच्या निसर्ग अभ्यास मंडळापुढे त्यानं हे वाचून दाखवलं. पुढल्या वर्षी ते छापूनही आलं. त्याचं मोल कुणाला उमगलं नाही. १८६८ मध्ये मेंडेल मठाधिपती झाला. कारभार वाढला, प्रयोग मागे पडले. १८७४ मध्ये सरकारनं मठांवर नवा कर बसवला. तो त्याला अन्यायाचा वाटला आणि मरेपर्यंत त्यानं तो भरला नाही. ६ जानेवारी १८८४ रोजी तो वारला. १९०० मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर १६ वर्षांनी, तीन शास्त्रज्ञ आपापल्या प्रयोगांतून त्याच निष्कर्षाला पोचले, आणि तेव्हा जगाला मेंडेल कळला.

तुम्ही म्हणाल, वाटाण्याचं कुत्र्याला काय? मेंडेलनं कुत्र्यांवर प्रयोग केले नाहीत, पण त्याचे नियम कुत्र्यालाही लागू पडतात. पिल्लाला निम्मा वारसा मायचा, निम्मा बापाचा. काळ्या लॅब्राडोरच्या जोडीला पिवळं पिल्लू होऊ शकतं. तिथे कुत्रीवर संशय घ्यायचं कारण नाही, दोघांच्याही अंगात पिवळा रंग दडलेला असतो.

आता आपल्या खुणा घेऊ. साध्या कुत्र्याला १८ नखं असतात. मागच्या पायांना एकेक जादा नख असलं की वीस होतात. हे जादा नख आनुवंशिक आहे खरं, पण ते सेंट बर्नार्डला असतं, ब्रियार्डला असतं आणि गावच्या कुत्र्यालाही असतं. मग त्यावरून जात कोणती ठरवणार? छातीवरचा टिळा आणि पांढरे पंजे यांचंही तेच. पिल्लू पोटात वाढताना रंगाच्या पेशी पाठीकडून खाली पसरतात. छाती, बोटं आणि शेपटीचं टोक इथे त्या सर्वांत शेवटी पोचतात. कमी पडल्या की तिथं पांढरं राहतं. हे कोणत्याही जातीत घडतं. डोळ्यांवरचे ठिपके तर फार जुने. ऋग्वेदात यमाचे दोन कुत्रे चार डोळ्यांचे सांगितले आहेत, आणि ते डोळ्यांवरच्या ठिपक्यांमुळे असं अनेक अभ्यासक मानतात. डॉबरमनची जात तर जर्मनीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तयार झाली. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेल्या शिकारी कुत्र्यालाच आपण कारवानी म्हणतो. त्यात तांबडे, काळे, करडे, पांढुरके असे नाना रंग निघतात.

अमेरिकेत २००९ मध्ये वीस संकरित कुत्र्यांची जात जाणकारांच्या नजरेनं आणि डीएनए तपासणीनं, अशी दोन्ही प्रकारे पाहिली गेली. बहुतेक ठिकाणी नजरेचा अंदाज चुकला. कारण कुत्र्याच्या अंगात सुमारे वीस हजार जनुकं, आणि रंग-केस ठरवणारी मोजकीच. खूण खोटं बोलत नाही, पण ती फक्त त्या एका गुणाची साक्ष देते. राखण, पळ, इमान यांची हमी ती देत नाही.

याचा संबंध थेट खिशाशी आहे. काळी-बांडी कालवड दिसली की होल्स्टीन म्हणून भाव चढतो, पण रंग उतरला म्हणून दूध उतरलंच असं नाही. संकरित कपाशीचं घरचं बी दुसऱ्या वर्षी पेरलं की झाडं सारखी येत नाहीत, हा अनुभव खानदेशात कुणाला नाही? केळीचा मुनवा लावला की मायसारखीच केळ येते. पण कुत्रं म्हणजे केळीचं खोड नव्हे, तिथे दोघांचं बी मिसळतं.

ग्रामपंचायतीतल्या मंडळींनीही हे ध्यानात ठेवावं. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारनं २३ जाती आणि त्यांचे संकर पाळण्यावर बंदी घालण्यासाठी राज्यांना पत्र पाठवलं होतं. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयानं ते रद्द केलं. असा प्रश्न उद्या गावात आला, तर तोंडवळा बघून संकर ठरवणं धोक्याचं. कुत्रं चावरं आहे का, हे त्याच्या वागण्यावरून ठरवा.

तेव्हा पिल्लू घेताना त्याची माय बघा, जमल्यास बापही बघा, आधीची पिल्लं कुठे गेली आणि कशी निघाली ते विचारा. कुत्रं वीसनखी असो की अठरा नखांचं, रेबीजची लस वेळेवर टोचून घ्या. नखं मोजायची तर खुशाल मोजा, पण त्या नखांसाठी जादा पैसे मोजू नका.