लोखंडे यांची पाचवी मागणी

९ फेब्रुवारी हा रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांचा स्मृतिदिन. त्या दिवशी रविवारची सुट्टी मिळवून देणारे म्हणून त्यांचे छायाचित्र मोबाईलवर फिरते, लोक हात जोडल्याची चिन्हे टाकतात आणि विषय संपतो. सुट्टीचे श्रेय त्यांचेच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांच्या वतीने ज्या पाच मागण्या मांडल्या, त्यांतली सुट्टी ही फक्त एक होती. शेवटची मागणी यंत्रात सापडलेल्या माणसाबद्दल होती. आमच्या मते तीच सर्वांत मोठी, आणि तिचा हिशेब अजून पूर्ण झालेला नाही.

लोखंडे यांचा जन्म १८४८ सालचा, ठाण्याचा. घरची गरिबी. मॅट्रिकच्या आसपास शिक्षण थांबले. मग रेल्वेत आणि टपाल खात्यात नोकरी केली, आणि पुढे मुंबईच्या एका कापड गिरणीत स्टोअरकीपर म्हणून लागले. गिरणीत बसून हिशेब ठेवणारा हा माणूस महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचा कार्यकर्ता होता. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधु’ पत्र अडचणीत आले, तेव्हा १८८० मध्ये लोखंडे यांनी ते मुंबईत आणले आणि अखेरपर्यंत चालवले. बाबासाहेबांनी ज्या तीन गुरूंना मानले, त्यांतल्या फुल्यांचा हा शिष्य. म्हणून त्याची आठवण ठेवणे आम्ही आमचेच काम समजतो.

त्या वेळची गिरणी डोळ्यांसमोर आणावी लागेल. एका वाफेच्या इंजिनावर सगळे कारखाने फिरत. इंजिनापासून छतालगतचे दांडे फिरायचे आणि त्या दांड्यांवरून चामड्याचे पट्टे खाली प्रत्येक यंत्रापर्यंत यायचे. पट्टा उघडा, दातेरी चाके उघडी. धोतराचा सोगा, पदराचे टोक, मोकळे केस, काहीही त्यात गुंडाळले जाई. यंत्र थांबवले तर माल कमी निघतो, म्हणून चालू यंत्राखालून कापूस झाडायचा, आणि तिथे वाकून शिरायला लहान मुले सोयीची. दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम. संध्याकाळी थकलेला हात कुठे जातो हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

हात गेलेल्या माणसाचे पुढे काय? गिरणी मालकाने त्याला नोकरीवर ठेवलेलेच नसे, ते जॉबर करी. सकाळी दारावर बदली कामगार उभेच असत. एक पडला की जॉबर दुसऱ्याला आत घेई. दुपारपर्यंत सांच्यावर दुसरा माणूस, आणि पहिला आपल्या गावच्या वाटेला.

कायदा नव्हता असे नाही. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा आला होता. शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांना तो लागू होता. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायचे नाही, सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांपेक्षा जास्त राबवायचे नाही, धोक्याच्या यंत्राला कुंपण घालायचे, एवढे त्यात होते. आणि एक कलम अपघाताचे होते: कारखान्यात कुणी मेला, किंवा इतका जखमी झाला की अठ्ठेचाळीस तासांत कामावर परत येऊ शकला नाही, तर मालकाने सरकारला कळवायचे. आपल्याकडे अपघात कळवण्याचे मालकाचे कर्तव्य इथून सुरू होते. मात्र हे कळवणे मालक आणि सरकार यांच्यातले होते. ज्याचा हात गेला त्याला त्या कागदातून काहीच मिळत नव्हते. कारखान्यांची तपासणीही बहुतेक जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांकडे, इतर शंभर कामांबरोबर. मेलेल्याच्या वारसांसाठी १८५५ चा एक कायदा होता खरा. पण त्यासाठी दिवाणी कोर्टात जाऊन मालकाची चूक सिद्ध करायची. कोकणातल्या खेड्यात परतलेल्या विधवेने हे कसे करावे?

या फटीवर लोखंडे यांनी बोट ठेवले. १८८४ मध्ये मुंबई सरकारने फॅक्टरी कमिशन नेमले, तेव्हा त्यांनी २३ सप्टेंबरला परळला कामगारांची सभा बोलावली. तिथे ठरलेल्या अर्जावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या आणि अंगठे जमले. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, आणि पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. पाचवी मागणी अशी की कामावर जबर जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि तो जन्मभरासाठी अधू झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी.

यात मालकाची चूक सिद्ध करायची अट नाही. जखम कामावर झाली, एवढे पुरे. आज हे साधे वाटते. त्या काळी इंग्लंडमध्येही कामगाराला असा हक्क नव्हता. तिथला नुकसानभरपाईचा कायदा १८९७ साली झाला.

पुढची हकीकत बहुतेकांना माहीत आहे. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. दोन कामगार स्त्रियाही त्या सभेत बोलल्या, हे आवर्जून सांगितले पाहिजे. १० जूनला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्याच वर्षी सरकारने दुसरे कमिशन नेमले, त्यात मुंबईसाठी लोखंडे यांना सदस्य म्हणून घेतले. १८९१ चा सुधारित कायदा त्यातून आला. स्त्रियांचे तास ठरले, मुलांचे वय वाढले. पाचवी मागणी मात्र तिथेच राहिली.

लोखंडे यांच्या कामाच्या मर्यादा झाकाव्यात असे आम्हाला वाटत नाही. त्यांच्या ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ला वर्गणी नव्हती, सभासदांची यादी नव्हती, घटना नव्हती. म्हणजे कुठल्या गिरणीत कोण जखमी झाला याची कामगारांच्या बाजूची नोंद कुणी ठेवली नाही. जी काही नोंद होती ती मालकाच्या हातची. आणि गिरणीत अस्पृश्यांना विणाई खात्यात घेत नसत, कारण तुटलेला धागा तोंडाने ओला करावा लागे. त्याबद्दल या पाच मागण्यांत एक शब्द नाही. तो प्रश्न गिरणी संपात मांडायला १९२८ साल आणि बाबासाहेब यावे लागले.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. गिरण्या ओस पडल्या, लोक शहर सोडून पळाले. लोखंडे थांबले, रुग्णांच्या सेवेत पडले आणि त्याच रोगाने ९ फेब्रुवारी १८९७ रोजी गेले. वय पन्नाशीच्या आत. महिन्याभराने, १० मार्चला, सावित्रीबाई पुण्यात त्याच प्लेगने गेल्या.

कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला १९२३ मध्ये. परळच्या सभेनंतर एकोणचाळीस वर्षांनी. लोखंडे यांनी बरा होईपर्यंत पूर्ण पगार मागितला होता. या कायद्याने पहिले दहा दिवस काहीच दिले नाही आणि नंतर अर्धा पगार. तरी एक मोठी गोष्ट झाली. मृत्यूची भरपाई मालकाने परस्पर विधवेच्या हातात टेकवून अंगठा घ्यायचा नाही, ती कमिशनरकडे जमा करायची. १९३३ च्या दुरुस्तीने आणखी एक पाऊल पडले. कामगाराच्या मृत्यूची खबर कमिशनरला कुठूनही लागली, तरी तो मालकाला नोटीस पाठवून तीस दिवसांत लेखी खुलासा मागू शकतो: अपघात कसा झाला, आणि भरपाईची जबाबदारी मान्य आहे की नाही. नसेल तर का नाही. म्हणजे गप्प राहण्याची सोय गेली.

ज्या परळमध्ये लोखंडे यांची सभा झाली, तिथल्याच चाळीत पुढे वर्षानुवर्षे राहिलेले बाबासाहेब १९४२ ते १९४६ केंद्रात मजूरमंत्री होते. त्यांच्या काळात प्रा. अडारकर यांच्याकडे आरोग्य विम्याच्या योजनेचे काम दिले गेले. त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि कामावरच्या इजेचा खर्च एकट्या मालकाच्या मर्जीवर राहिला नाही. त्या योजनेच्या १९५० च्या नियमांत अपघात नोंदवही ठेवायची सक्ती आहे. जखमीने तोंडी सांगितले तरी चालते, त्याच्या वतीने सोबत्याने सांगितले तरी चालते. गंभीर अपघात मालकाने लगेच कळवायचा, इतर ठरलेल्या मुदतीत.

आमच्या वस्त्यांतून मात्र वेगळे ऐकू येते. बोट तुटलेल्या पोराला सुपरवायझर खाजगी दवाखान्यात नेतो, पट्टी करतो, पाचशे रुपये हातात देतो आणि घरी पडलो असे सांग म्हणतो. नोंदवहीत पान कोरे. सहा महिन्यांनी हात वाकडा राहिला की दाखवायला काही नसते. गटारात उतरलेल्यांचे तर याहून वाईट. मैला सफाईच्या बंदीचा कायदा २०१३ चा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मृताच्या कुटुंबाला दहा लाख ठरवले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ते तीस लाख केले. पण पैसे मागायला गेले की महापालिका ठेकेदाराकडे बोट दाखवते, ठेकेदार पोटठेकेदाराकडे, आणि तो म्हणतो हा माणूस आमचा नव्हताच. जॉबर आणि बदलीचीच ही गोष्ट आहे. वास्तविक १९२३ च्याच कायद्यात होते की ठेकेदाराच्या माणसाची भरपाईही मूळ काम करवून घेणाऱ्याकडून मागता येते.

२००५ साली लोखंडे यांच्या नावाचे टपाल तिकीट निघाले. त्यांच्या स्मृतिदिनी यंदा आमच्या काही विहारांत कामगारांसाठी बैठक ठेवायची असे चालले आहे. हार घालून झाल्यावर तिथे एक वही फिरवावी असे आम्ही सुचवले आहे: वस्तीत गेल्या वर्षभरात कामावर कुणाला काय इजा झाली, कोणत्या तारखेला, काम कुणाचे होते, ठेकेदार कोण, सोबत कोण होते, आणि मालकाच्या नोंदवहीत ते लिहिले गेले का.