छायाचित्रकार गर्ट्रूडबाई

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे, असा चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा मी घाबरूनच गेले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. हातात सुई असते, लेखणी नसते. परंतु माझी धाकटी मुलगी फोटोग्राफी शिकते. गेल्या पावसाळ्यात तिने आपल्या इंग्रजी पुस्तकातून एका अमेरिकन बाईंची हकीकत मला मराठीत समजावून सांगितली. गोधडीला टाके घालता घालता मी ती ऐकली आणि ती काही मनातून जाईना. तीच येथे माझ्या शब्दांत मांडते. चुकलेमाकले भगिनींनी सांभाळून घ्यावे.

गर्ट्रूड केझेबियर हे त्यांचे नाव. जन्म १८५२ साली आयोवा प्रांतात झाला. सोन्याच्या शोधात लोक कोलोरॅडोकडे धावत होते, त्या लाटेत वडीलही तिकडे गेले आणि त्यांनी लाकूड कापण्याची गिरणी घातली. १८६४ मध्ये वडील वारले. आईने न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलीनमध्ये येऊन भाडेकरूंना जेवूखाऊ घालण्याचे घर चालवले. हात राबले की घर तगते, हे गर्ट्रूडबाईंनी लहानपणीच पाहिले.

बाविसाव्या वर्षी, १८७४ मध्ये, त्यांचे लग्न एडवर्ड केझेबियर या मूळच्या जर्मन गृहस्थांशी झाले. ते लाखेचे व्यापारी. त्या काळी जगाला लाख पुरवणारा मुख्य देश आपलाच, हे ऐकून मला गंमत वाटली. घरात पैसा होता, तीन मुले झाली, पण नवराबायकोचे स्वभाव काही जुळले नाहीत. तरी संसार मोडला नाही.

खरे नवल पुढेच आहे. वयाच्या सदतिसाव्या वर्षी, १८८९ मध्ये, या बाईंनी ब्रुकलीनच्या प्रॅट संस्थेत चित्रकलेसाठी नाव घातले! मुलांचे फोटो काढता काढता त्यांचे मन कॅमेऱ्यातच रमले. पुढे जर्मनीत जाऊन फोटो धुण्याछापण्याचे रसायनशास्त्र त्या शिकल्या. परत आल्यावर ब्रुकलीनमधील एका फोटोग्राफरकडे उमेदवारी करून धंद्याचा हिशेबही शिकून घेतला आणि न्यूयॉर्कमध्ये स्वतःचा स्टुडिओ थाटला. इतर स्टुडिओंत मागे रंगवलेले पडदे, खोटे खांब आणि कुंड्या असत. बाईंनी ते सारे काढून टाकले. साधी भिंत, खिडकीचा उजेड आणि समोर माणूस, एवढेच त्या ठेवीत. १८९८ मध्ये रस्त्याने जाणाऱ्या बफेलो बिलच्या खेळातील सू जमातीचे आदिवासी त्यांना दिसले. त्यांना स्टुडिओत बोलावून त्यांचे जे फोटो बाईंनी काढले, ते आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहेत. १८९९ मध्ये गोठ्यात बसलेल्या मातेचा ‘गव्हाण’ नावाचा त्यांचा फोटो शंभर डॉलरला विकला गेला. एका फोटोला एवढी किंमत हे त्या काळी आश्चर्यच होते.

त्याच सुमारास आल्फ्रेड स्टिग्लिट्झ या फोटोग्राफरने त्यांना उचलून धरले. १९०२ मध्ये त्याने फोटोला कलेचा मान मिळावा म्हणून एक संघ काढला. बाई त्याच्या संस्थापक सभासद. १९०३ मध्ये त्याचे ‘कॅमेरा वर्क’ त्रैमासिक निघाले, त्याचा पहिला अंक बाईंच्याच फोटोंचा होता. नोव्हेंबर १९०५ मध्ये त्याने न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर, २९१ क्रमांकाच्या घरात, लहान खोल्यांची गॅलरी उघडली. भिंतींना गोणपाटासारखे जाड कापड लावून, मोजकेच फोटो सुटे सुटे टांगण्याची तिथली पद्धत. गॅलरी म्हणजे नुसती मांडणी नव्हे. कोणाचे काम लोकांपुढे ठेवायचे ते गॅलरीवाला ठरवतो आणि त्या कलावंताच्या वतीने स्वतःची पत पणाला लावतो. फेब्रुवारी १९०६ मध्ये बाईंचे आणि क्लॅरन्स व्हाइट यांचे फोटो तेथे झळकले.

पण त्याच वर्षी बाई धंदेवाईक फोटोग्राफरांच्या संघटनेतही गेल्या आणि बिनसले. पैशासाठी फोटो काढणे स्टिग्लिट्झला कमीपणाचे वाटे. बाईंच्या यजमानांची प्रकृती ढासळली होती, घरखर्च त्यांच्याच हातावर चालायचा होता. येथे मला राहवत नाही म्हणून लिहिते. स्टिग्लिट्झला वडिलांकडून पैसे येत आणि त्याची पहिली बायको श्रीमंत बिअरवाल्याच्या घरची होती. ज्याची चूल दुसऱ्याच्या पैशावर पेटते, त्याला पैसा तुच्छ मानणे सोपे जाते. तरी त्याचे उपकारही नाकारू नयेत. फोटोला चित्राच्या पंगतीला बसवायला तो जन्मभर झटला, हेही खरेच.

१९०९ मध्ये यजमान वारले. १९१२ मध्ये बाईंनी स्टिग्लिट्झच्या संघाचा राजीनामा दिला. त्या रडत बसल्या नाहीत. १९१६ मध्ये व्हाइट यांच्यासह त्यांनी फोटोग्राफरांची नवी संस्था उभी केली. त्याच सुमाराचा त्यांचा एक फोटो आहे: जू मानेवर आणि मुसकी तोंडाला बांधलेले दोन बैल. त्याचे नाव त्यांनी ‘लग्न’ ठेवले होते! मुलीने तो दाखवला तेव्हा आम्ही दोघी पुष्कळ हसलो. मग मी बराच वेळ गप्प होते.

पुढे त्यांची मुलगी हर्माइन स्टुडिओत त्यांच्या हाताशी आली. ऑक्टोबर १९३४ मध्ये ब्याऐंशीव्या वर्षी बाईंनी देह ठेवला.

ही कथा मला का लागली, ते सांगते. वीस वर्षे मी गोधड्या शिवते. नातलग, शेजारी घेऊन जातात, ओटीत खण-नारळ घालतात आणि घरचीच तर आहेस म्हणतात. माझ्या तोंडून किंमत कधी निघाली नाही. मागितली तर माया आटली असे होईल, ही भीती. मायेने शिवलेल्या वस्तूचे दाम घेतले तर माया कमी होत नाही, हे मला परक्या देशातल्या, कधी न पाहिलेल्या बाईंनी शिकवले.

यंदा मंडळाच्या दिवाळी विक्रीत माझ्या चार गोधड्या असतील. प्रत्येकीवर किमतीची चिठ्ठी मी स्वतः लिहून लावली आहे. लिहिताना हात थरथरला, पण चिठ्ठी काढली नाही. भगिनींनी येऊन पाहावे. घासाघीस मात्र जपून करावी!