मीर फतहुल्लाह शिराजी : इल्म, बंदूक आणि अमानत

गेल्या हिवाळ्यात शाळेची सहल घेऊन आम्ही तोरणमाळला गेलो होतो. यशवंत तलावाच्या काठावर डबे उघडले आणि मुलांच्या गप्पा सुरू झाल्या. नववीतल्या एकाला इंजिनिअर होऊन लढाईचे ड्रोन बनवायचे आहेत. दुसऱ्याने लगेच विचारलं, की ते पडणार कोणावर? पहिल्याला उत्तर सुचलं नाही. खरं सांगायचं तर आम्हालाही सुचलं नाही. घाट उतरताना मात्र मीर फतहुल्लाह शिराजी आठवले. चारशे वर्षांपूर्वी त्यांच्यासमोरही हाच प्रश्न होता, आणि समोर पसरलेल्या या खानदेशाशीही त्यांचा संबंध आला होता.

शिराजी मूळचे इराणातल्या शिराज शहराचे. गणित, खगोल, वैद्यक, तत्त्वज्ञान आणि यंत्रविद्या, सगळ्यांत त्यांचा हात धरणारा विरळाच. त्यांची कीर्ती ऐकून विजापूरच्या पहिल्या अली आदिलशाहांनी त्यांना दख्खनला बोलावून घेतलं. याच अली आदिलशाहांच्या बेगम म्हणजे चाँदबीबी. 1580 मध्ये आदिलशाहांचा खून झाला, गादीवर लहान मूल आलं आणि सरदारांची ओढाताण सुरू झाली. पुढे अकबर बादशाहाचं बोलावणं आलं आणि 1583 मध्ये शिराजी फतेहपूर सिक्रीला पोचले.

तिथे त्यांच्या इल्मला मोकळं मैदान मिळालं. चालता चालता धान्य दळणारी गाडी त्यांनी बनवली. फौज पुढे जातेय आणि पीठ वाटेतच तयार होतंय! त्यांचं दुसरं यंत्र बंदुका साफ करायचं. बैलाने चाक फिरवलं की एकाच वेळी 16 नळ्या घासून निघत. एकाच बत्तीने 17 नळ्या उडतील अशी जोडबंदूकही होती. ‘आईन-ए-अकबरी’त हे शोध बादशाहाच्या नावावर आहेत, पण बरेच इतिहासकार त्याचं श्रेय शिराजींना देतात.

त्यांचं काम फक्त हत्यारांचं नव्हतं. 1584 मध्ये सुरू झालेल्या इलाही सनाची गणितं त्यांनी बसवली. 1585 मध्ये त्यांना अमीन-उल-मुल्क नेमलं आणि महसुलाच्या कामात राजा तोडरमल यांनी त्यांचा सल्ला घ्यावा असा हुकूम झाला. वर्षानुवर्षं तुंबलेले हिशेब मिटावेत, लोकांची छळवणूक थांबावी, म्हणून त्यांनी सूचना तयार केल्या. एवढा मोठा आलिम, पण अमीर-उमरावांच्या सात-आठ वर्षांच्या पोरांना शिकवायलाही बसायचा. इराणी विद्वानांची पुस्तकं त्यांनी इथल्या अभ्यासात आणली. पुढे मदरशांत जो दर्स-ए-निजामी रुळला, त्याची एक मुळी त्यांच्यापर्यंत जाते.

आता खानदेशाकडे येऊ. 1586 मध्ये अकबराने दख्खनच्या मोहिमेसाठी अजीज कोकांना पाठवलं आणि सोबत शिराजींना दिलं. कामगिरी अशी, की बुऱ्हाणपूरचे राजा अली खान फारुकी यांना मुघलांच्या बाजूला वळवायचं. ज्या दख्खनने त्यांना आसरा दिला, त्याच दख्खनवर चालून जाणाऱ्या फौजेसाठी ते शब्द टाकायला आले होते. राजा अली खान तेव्हा वळले नाहीत. मुघल सरदारांचं आपसातही पटेना. शिराजी रिकाम्या हाताने परतले.

1589 मध्ये बादशाहासोबत काश्मीरला गेले असताना तापाने त्यांचा इंतेकाल झाला. बादशाहाला फार दुःख झालं म्हणतात.

गोष्ट इथे संपत नाही. सहाच वर्षांनी, 1595 मध्ये, मुघल फौजेने अहमदनगरला वेढा घातला. किल्ल्याखाली सुरुंग पेरले. एका सुरुंगाने तट फुटला आणि चाँदबीबींनी रातोरात ते खिंडार बुजवलं. ज्या फौजेची हत्यारं शिराजींनी सुधारली, तीच फौज त्यांच्या जुन्या धन्याच्या बेगमेसमोर उभी होती. ते पाहायला शिराजी हयात नव्हते. पण एकदा बनवलेलं हत्यार बनवणाऱ्याचं राहत नाही. पुढे ते कोणावर रोखायचं हे दुसराच कोणी ठरवतो.

आम्ही शिराजींना दोष देत नाही. पोटापाण्यासाठी दरबार बदलणं तेव्हा सर्रास चालायचं. देशाचं रक्षण करायला हत्यारं लागतात, आणि ती बनवणारे हातही लागतात. पण आज मोठमोठ्या देशांची चढाओढ लागली आहे. इंजिनिअर एका शहरात बसून एक छोटा भाग किंवा प्रोग्रॅम बनवतो. तो कुठल्या क्षेपणास्त्रात बसेल आणि कोणाच्या घरावर पडेल, हे त्याला कोणी सांगत नाही. पगार चांगला असतो, म्हणून तोही विचारत नाही.

आपल्या घरांतून आज मुलं-मुली इंजिनिअरिंगला जातायत, अल्हम्दुलिल्लाह. रोजी हलाल आहे का, हे आपण विचारतो. त्यासोबत हेही विचारायला शिकवू या: माझं काम कोणाच्या हाती जाणार, त्यातून कोणाचं रक्षण होणार, निरपराधावर ते वापरलं जात असेल तर नाही म्हणायची हिंमत माझ्यात आहे का? इल्म ही अमानत आहे. अमानत सोपवताना समोरचा कोण आहे हे बघावंच लागतं.

शिराजींच्या बंदुका आज कोणी वापरत नाही. त्यांनी लावलेली अभ्यासाची रीत मात्र शतकानुशतकं मदरशांत चालत आली. त्या नववीतल्या मुलाला आम्ही ड्रोन बनवू नकोस असं सांगितलेलं नाही. मित्राने विचारलेला प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव, एवढंच सांगितलं. अल्लाह आपल्या मुलांना नफा देणारं इल्म देवो. आमीन.