विश्लेषण : लढाऊ विमानाचे इंजिन हवेत बंद पाडणारा इंधनाचा घोळ एका चकतीने कसा सोडवला? कोण होत्या बिअ‍ॅट्रिस शिलिंग?

१९४० मध्ये जर्मन विमानांशी झुंजणाऱ्या ब्रिटिश वैमानिकांना एक विचित्र अडचण छळत होती. पाठलाग करताना स्पिटफायर किंवा हरिकेनचे नाक झटक्यात खाली दाबले, की इंजिन अडखळे आणि पाठोपाठ काळा धूर सोडत बंद पडे. समोरचे मेसरश्मिट १०९ मात्र नेमकी तीच कसरत करून निसटून जाई. शत्रू पुढे असेल तर शिकार हातची जाई, मागे असेल तर जीव. या बिघाडाचे मूळ ओळखून त्यावर कमालीचा साधा उपाय शोधला तो मोटरसायकलच्या शर्यती गाजवलेल्या बिअ‍ॅट्रिस शिलिंग यांनी.

खाटकाची मुलगी इंजिनांकडे कशी वळली?

शिलिंग यांचा जन्म ८ मार्च १९०९ रोजी इंग्लंडच्या हॅम्पशर परगण्यातील वॉटरलूव्हिल येथे झाला. वडील खाटीक होते. घरात यंत्रांची परंपरा नव्हती, पण या मुलीला पान्हे आणि स्क्रूड्रायव्हर यांचेच वेड. वयाच्या चौदाव्या वर्षी तिने रॉयल एनफिल्डची टू-स्ट्रोक मोटरसायकल घेतली आणि ती चालवण्याइतकीच ती खोलून पुन्हा जोडण्यात रमली. त्या काळात मुलीने अभियंता होणे घरच्यांच्या तर सोडाच, विद्यापीठांच्याही फारसे पचनी पडणारे नव्हते. मार्गारेट पार्ट्रिज या विद्युत अभियंत्या खेड्यापाड्यांत वीज पोहोचवण्याचे काम करत. त्यांच्याकडे शिलिंग यांनी तारा ओढण्यापासून जनित्रे बसवण्यापर्यंत सगळे हाताने केले. पुढे पार्ट्रिज यांनीच त्यांना मँचेस्टर विद्यापीठाची वाट दाखवली. १९३२ मध्ये विद्युत अभियांत्रिकीची पदवी आणि पुढच्याच वर्षी यंत्र अभियांत्रिकीतील पदव्युत्तर पदवी मिळाली. बर्मिंगहॅम विद्यापीठात इंजिनांवरील संशोधनात काही काळ मदतनीस म्हणून काम केल्यानंतर १९३६ मध्ये त्या फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंट या सरकारी विमान संशोधन संस्थेत रुजू झाल्या. सुरुवातीला वाट्याला आले ते तांत्रिक लेखनाचे टेबल. त्यातून सुटून प्रत्यक्ष इंजिनांपर्यंत, आणि तिथून कार्ब्युरेटरपर्यंत त्या पोहोचल्या.

सुवर्णतारा कशासाठी?

सरेतील ब्रूकलँड्स हा उंच कडा असलेला काँक्रीटचा खडबडीत शर्यतमार्ग. तिथे स्पर्धेदरम्यान ताशी १०० मैलांपेक्षा अधिक वेगाने एक फेरी पूर्ण करणाऱ्या मोटरसायकलस्वारास सुवर्णतारा मिळे. १९३४ मध्ये शिलिंग यांनी ५०० सीसी नॉर्टनवर ताशी १०६ मैलांची, म्हणजे सुमारे १७० किलोमीटरची फेरी नोंदवली. हा तारा मिळवणाऱ्या स्त्रिया एकूण तीनच. १९३८ मध्ये त्यांनी संस्थेतील सहकारी जॉर्ज नेलर यांच्याशी विवाह केला. नेलर यांनीही आधी तो तारा मिळवावा, मगच लग्न, अशी अट त्यांनी घातल्याचे सांगितले जाते. किस्सा खरा असो वा रंगवलेला, नेलर यांनी तारा मिळवला होता.

या शर्यतींचा उल्लेख चरित्रातील रंजक मसाला म्हणून केला जातो, पण त्याचे महत्त्व वेगळे आहे. वेग वाढवण्यासाठी फेरफार केलेल्या इंजिनाला पेट्रोल किती लागते, ते कुठे अडते आणि कुठे वाहून जाते, हे शिलिंग यांना कागदावर कळण्याआधी हाताला कळलेले होते.

मर्लिन इंजिनात नेमके काय बिघडत होते?

स्पिटफायर आणि हरिकेन या दोन्हींत रोल्स-रॉइसचे मर्लिन इंजिन होते. २७ लिटरचे, बारा सिलिंडरचे, हजाराहून अधिक अश्वशक्तीचे. जर्मन मेसरश्मिटच्या डेमलर-बेन्झ इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये दाबाने फवारले जाई. मर्लिनला मात्र एसयू कंपनीचा कार्ब्युरेटर होता. हा मागासलेपणा नव्हता. कार्ब्युरेटरमधून निघालेले पेट्रोल सुपरचार्जरकडे जाताना बाष्प होऊन हवेला थंड करी, थंड हवा अधिक दाट असते आणि त्यातून जास्त ताकद मिळे. चांगल्या हेतूने केलेल्या निवडीतच पुढचा बिघाड दडलेला होता.

कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची एक छोटी वाटी असते, फ्लोट चेंबर. त्यातले पेट्रोल वर चढले की तरंगणारा फ्लोट वर येतो आणि सुईसारखी झडप बंद करतो, खाली गेले की झडप उघडते. जुनी स्कूटर तिरकी करून मग किक मारणाऱ्या पिढीला ही वाटी चांगलीच ठाऊक आहे. वाटी कलंडली की आतले सगळे गणित बदलते. विमानाचे नाक झटक्याने खाली दाबले की तर त्याहून मोठा घोटाळा होतो. वैमानिक आसनातून उचलला जातो, पट्ट्यांना लोंबकळतो. त्याच्यासारखेच वाटीतले पेट्रोलही छताला जाऊन चिकटते.

इथून पुढे एकामागोमाग दोन गोष्टी घडतात आणि त्या वेगळ्या ओळखण्यातच निदानाचा सगळा कस होता. पहिली, तळाशी असलेल्या जेटना पेट्रोलऐवजी हवा मिळते आणि इंजिन क्षणभर अडखळते. हा उपाशीपणा. तो टिकत नाही. दुसरी गोष्ट मात्र उलटी. पेट्रोल छताला गेल्याने फ्लोट विरुद्ध बाजूला, म्हणजे तळाकडे सरकतो आणि झडप सताड उघडी राहते. इंजिनाने चालवलेले पंप आपल्या पूर्ण क्षमतेने पेट्रोल ढकलतच असतात. वाटी तुडुंब भरते, मिश्रणात पेट्रोल प्रमाणाबाहेर वाढते, काळा धूर निघतो आणि इंजिन गुदमरून थांबते.

म्हणजे वैमानिकाला जाणवे ती ताकद गेल्याची, जणू पेट्रोल संपल्याची खूण. प्रत्यक्षात घात करत होते ते जादा पेट्रोल. उपासमार समजून कुणी पुरवठा वाढवला असता, तर रोग आणखी बळावला असता. तोवर वैमानिकांनी शोधलेला तोडगा असा, की नाक दाबण्याऐवजी विमान आधी उलटे करायचे आणि मग सूर मारायचा. त्यामुळे पेट्रोल तळाशीच राही, पण त्यात जाणारे क्षण शत्रूच्या पदरात पडत.

मग चकतीने काय केले?

शिलिंग यांनी कार्ब्युरेटर नव्याने घडवण्याच्या फंदात न पडता वेगळा प्रश्न विचारला. इंजिन पूर्ण जोरात असताना जास्तीत जास्त किती पेट्रोल पिते? पंप त्याहून कितीतरी जास्त देऊ शकतात. मग पेट्रोलच्या वाटेवर असे एक छिद्र ठेवले, की त्यातून इंजिनाच्या कमाल गरजेएवढेच पेट्रोल जाईल, तर झडप सताड उघडी राहिली तरी वाटी बुडणार नाही. पितळेची, मध्ये मोजून पाडलेल्या छिद्राची टोपणासारखी पट्टी, पुढे तर साधा चपटा वॉशर, एवढाच तो उपाय. सुपरचार्जरचा दाब वेगळा असलेल्या इंजिनांसाठी छिद्राची मापे वेगळी ठेवली. विमान सेवेतून न काढता, धावपट्टीशेजारी उभे असतानाच ती बसवता येई.

पहिला, क्षणभराचा अडखळा या चकतीने गेला नाही आणि विमान बराच वेळ उलटे उडवण्याची सोयही झाली नाही. शिलिंग यांनी ते मान्य करून सोडून दिले. दोन दोषांपैकी जीवघेणा कोणता, हे त्यांनी ठरवले होते.

वेगासाठी फेरफार केलेल्या गाड्यांच्या गॅरेजात हाच घोळ आजही रोज भेटतो. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीला हौसेने मोठा विजेचा पंप लावला जातो. एसयूसारख्या कार्ब्युरेटरची सुई तीन-चार पौंडांच्या दाबापलीकडे तग धरत नाही, ती उचलली जाते, पेट्रोल ओव्हरफ्लो होते, गाडी खोकते आणि मालक आणखी मोठ्या पंपाची चौकशी करतो. टर्बो बसवलेल्या इंजेक्शनच्या गाडीत उलट घडते. गाडी उभी असताना गेजवर दाब अगदी नीट दिसतो, पण पूर्ण जोरात टर्बोचा दाब चढतो तेव्हा त्याच्या बरोबरीने इंधनाचा दाब वाढायला हवा, तो वाढत नाही. कधी रेग्युलेटरची व्हॅक्यूमची नळी फाटलेली, कधी फिल्टर तुंबलेला, कधी पंपाला जाणारी तारच बारीक. दाब आणि प्रवाह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोष ज्या क्षणी येतो त्याच क्षणी गेज वाचावा लागतो. प्लगचा रंग तोवर अर्धी साक्ष देऊन मोकळा होतो. काळा, काजळी धरलेला असेल तर पेट्रोल जादा, पांढुरका असेल तर कमी.

ब्रिटनची लढाई या चकतीने जिंकली का?

असे अनेकदा लिहिले जाते, पण तारखा त्याला साथ देत नाहीत. ब्रिटनची लढाई १९४० च्या ऑक्टोबरअखेर ओसरली. शिलिंग आणि त्यांचा छोटा चमू हवाई तळांवर फिरून चकत्या बसवत होता तो १९४१ च्या मार्चच्या सुमारास. म्हणजे त्या लढाईतले वैमानिक हा दोष सोसूनच लढले. चकतीचा उपयोग झाला तो पुढच्या दोन वर्षांत, १९४३ मध्ये दाबावर चालणारे कार्ब्युरेटर येईपर्यंत. हे श्रेय कमी नाही, त्यासाठी लढाई अलीकडे ओढण्याची गरज नाही.

तळांवर शिलिंग आपल्या जुन्या शर्यतीच्या नॉर्टनवरून जात. उपकरणाचे अधिकृत नाव संस्थेच्या नावावरून होते. वैमानिकांनी मात्र त्याला मिस शिलिंग यांच्या छिद्राचे नाव दिले, त्यात एक चावट श्लेषही होता. ते प्रेमाने होते असे आज सांगितले जाते. तोवर त्या मिसेस नेलर होऊन तीन वर्षे होत आली होती, हे कुणी लक्षात घेतले नाही.

युद्धानंतर त्या काय करत होत्या?

ब्रिटिश सरकारने त्यांना ओबीई हा किताब दिला. संस्थेत त्या १९६९ पर्यंत राहिल्या आणि ओल्या धावपट्टीवर विमानाची चाके का घसरतात यासारख्या प्रश्नांवर काम करत राहिल्या. सर्वोच्च पदे मात्र पुरुषांकडेच गेली. वरिष्ठांपुढे नमते न घेणारा, फटकळ स्वभाव त्यांच्या आड आला असे म्हटले जाते. तसाच स्वभाव असलेल्या पुरुषांची वाट तेवढी अडत नसे.

मोटरसायकलनंतर पती-पत्नी दोघेही कार शर्यतींकडे वळले. गुडवुडच्या शर्यतमार्गावर शिलिंग पन्नाशी उलटल्यावर ऑस्टिन-हीली सेब्रिंग स्प्राइट ही गाडी चालवत होत्या आणि त्यात काही तिसरे आणि एक पहिला क्रमांकही आला. १९६७ मध्ये अमेरिकी शर्यतपटू डॅन गर्नी यांनी आपली ईगल ही फॉर्म्युला वन गाडी फार तापते म्हणून त्यांच्याकडे मदत मागितली. त्याच वर्षी १८ जून रोजी बेल्जियममधील स्पा येथे गर्नी हीच गाडी घेऊन जिंकले. त्या शर्यतीत ते मध्येच पिटमध्ये शिरले होते. तक्रार होती, इंधनाचा दाब कमी दिसत असल्याची. ते काही दुरुस्त न करताच पुन्हा बाहेर पडले.

शिलिंग यांचे निधन १८ नोव्हेंबर १९९० रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी झाले. फार्नबरोमध्ये आज एका पबला त्यांचे लाडके नाव आहे, टिली शिलिंग.