ऋणसंख्येचे आचार्य : श्रीभास्कराचार्य

थोर पुरुषांचे स्मरण करताना ते कोणत्या ज्ञातीत जन्मले हा प्रश्न आम्ही गौण मानतो. त्यांच्या विद्येचा वारसा सर्वांचाच आहे. म्हणून या वर्षीच्या स्मरणिकेत श्रीभास्कराचार्यांचे अल्पचरित्र ज्ञातिबंधुभगिनींस सादर करीत आहोत.

आचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मधला. सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले विज्जडविड हे आपले नगर, असे त्यांनीच लिहून ठेविले आहे. पिता महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, इ. स. ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणि' हा ग्रंथ सिद्ध केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित व गोल हे त्याचे चार भाग होत.

बीजगणिताच्या आरंभीच आचार्य धन व ऋण संख्यांचे व्यवहार सांगतात. हे नियम ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्येच दिले होते. परंतु ते विद्यार्थ्यांच्या गळी उतरविण्याची हातोटी आचार्यांची. ऋणसंख्येच्या डोक्यावर ते टिंब देत. तीन व चार हेच अंक घेऊन त्यांनी बेरजेचे चारही प्रकार शिकविले. दोन्ही धन असता बेरीज धन सात. दोन्ही ऋण असता ऋण सात. एक धन व दुसरा ऋण असता त्यांचे अंतर काढावे व मोठ्याचे चिन्ह द्यावे; मग उत्तर धन एक किंवा ऋण एक येते.

आंबेनळीच्या घाटात हे सहज पडताळता येते. चढ धन व उतार ऋण मानावा. पायथ्यापासून सात किलोमीटर चढून चार किलोमीटर उतरलेला वाटसरू पायथ्यापासून धन तीनवर असतो. ऋण म्हणजे अभाव नव्हे, ती उलट दिशा होय. लीलावतीत १० व १७ भुजांच्या आणि ९ पायाच्या त्रिकोणात पायाचा एक खंड ऋण सहा येतो. तो विरुद्ध दिशेस मोजावा, असा खुलासा आचार्यांनी केला आहे. मात्र वानरांची संख्या काढताना ऋण राशीतून आलेले उत्तर लोकांस पटत नाही म्हणून त्यांनी सोडून दिले. कोठे काय लागू पडते, हा विवेक त्यांच्या ठायी होता.

इ. स. ११८३ मध्ये, एकोणसत्तराव्या वर्षी, त्यांनी 'करणकुतूहल' रचले. त्यांचे नातू चांगदेव यांनी चाळीसगावाजवळील पाटण येथे आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनार्थ मठ स्थापिला. त्याचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला.

आमच्या महाड-पोलादपूरच्या डोंगरवस्तीतील कित्येक वाडवडिलांनी सावकाराच्या वहीपुढे अंगठा उठविला. हाती सात रुपये व देणे दहा, म्हणजे ऋण तीन. एवढा हिशेब स्वतः मांडता न आल्याने शेते गेली. आज त्यांची नातवंडे शाळेत जातात, परंतु उणे चिन्ह दिसताच पुष्कळांचे मन गणितावरून उडते. चांगदेवांनी मठ बांधिला. आम्हांस तेवढे सामर्थ्य नसेल. तथापि प्रत्येक वाडीतील एका शिकलेल्या तरुणाने आठवड्यातून एक सायंकाळ या मुलांस द्यावी, एवढे आमच्याने खचित होईल. आचार्यांचे ऋण फेडण्याचा याहून सोपा मार्ग आम्हांस दिसत नाही.