पार्किन्सन आणि नकार देणारा खलाशी

मूलपेशींपासून घडविलेल्या पूर्वपेशींचे सात कंपवातग्रस्तांच्या मेंदूत रोपण केल्याचे निष्कर्ष क्योतो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ साली प्रसिद्ध केले. मृत पेशींची जागा नव्या पेशींनी भरून काढण्याचा हा प्रयोग आहे. ज्याच्या नावाने ही व्याधी जगभर ओळखली जाते, त्या जेम्स पार्किन्सनची अशा वेळी आठवण होणे स्वाभाविक आहे.

तो मेंदूचा तज्ज्ञ नव्हता. लंडनच्या हॉक्स्टन वस्तीत ११ एप्रिल १७५५ रोजी तो जन्मला, वडिलांचीच वैद्यकी त्याने पुढे चालविली. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला मात्र तो वेगळ्याच वाटेने भेटतो. करआकारणी ऐपतीनुसार व्हावी, मजुरीवाढीसाठी एकत्र येणाऱ्या कामगारांना तुरुंगात धाडू नये, असे तो ‘ओल्ड ह्युबर्ट’ या टोपणनावाने लिहीत असे. राजा तिसरा जॉर्ज याच्या हत्येच्या कथित कटासंबंधी १७९४ साली प्रिव्ही कौन्सिलपुढे त्याची जबानीही झाली. पुढे तो जीवाश्मांत रमला. १८०७ साली स्थापन झालेल्या लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेचा तो एक संस्थापक होय.

कंपवातावरील त्याचा निबंध १८१७ सालचा. त्यात रुग्ण अवघे सहा. त्यांपैकी दोघे रस्त्यात गाठ पडलेले, एक तर केवळ दुरून पाहिलेला. स्वस्थ असतानाही थरथरणारा हात, पुढे झुकलेले शरीर, चालता चालता नकळत धावू लागणारी पावले, हे सारे त्याने इतके नेमके टिपले की पुढे फ्रान्सच्या शार्कोने व्याधीला त्याचेच नाव दिले. उपचारांत मात्र तो चुकला. विकाराचे मूळ मानेतील मज्जारज्जूत असावे असे मानून त्याने मानेतून रक्त काढण्याचा व तेथे फोड आणून स्राव वाहता ठेवण्याचा उपाय सुचविला. परंतु शवविच्छेदनाचा आधार नसल्याने हा निव्वळ तर्क आहे, हेही त्याने लपविले नाही. असा प्रांजळपणा वैद्यकात, आणि आमच्या शास्त्रातही, दुर्मीळच!

सहांपैकी तिसरा रुग्ण पासष्टीच्या घरातला खलाशी. स्पेनच्या तुरुंगात ओल्या जमिनीवर महिनोन्‌महिने झोपल्याने आपल्याला हे दुखणे जडले, असे तो सांगे. आता भीक मागून जगत होता. इस्पितळात जाऊन काही गुण येतो का पाहावे, असे पार्किन्सनने त्याला सुचविले. त्या प्रयोगास तो राजी झाला नाही. दुसऱ्या एखाद्याने ही नोंद गाळली असती. पार्किन्सनने ती ठेवली आणि त्या माणसाला दोषही दिला नाही. २१ डिसेंबर १८२४ रोजी पार्किन्सनचे निधन झाले. खलाशाचे नाव निबंधात आलेले नाही.