सर जमशेटजी जीजीभाई : सागराने लुटलेला दानशूर

नागपूर समुद्रापासून दूर असले, तरी सप्टेंबर महिन्यात आपल्यापैकी अनेक भाविक मोतमाऊलीच्या यात्रेसाठी वांद्र्याला जातात. मुंबईहून रस्त्याने जाताना माहीमचा कॉजवे लागतो. तो ज्यांच्या घराण्याच्या दानातून उभा राहिला, त्या सर जमशेटजी जीजीभाई यांचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

जमशेटजींचा जन्म १७८३ साली एका पारशी कुटुंबात झाला. कोवळ्या वयातच आईवडिलांचे छत्र हरपले. पुढे ते चीनच्या व्यापारात उतरले. १८०५ साली चौथ्या सफरीवर असताना त्यांचे ‘ब्रन्सविक’ जहाज फ्रेंच युद्धनौकांनी सिलोनजवळ पकडले. बंदिवान जमशेटजींना आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केप येथे नेण्यात आले. त्याच सप्टेंबरमध्ये ते जहाजही तेथे वादळात किनाऱ्यावर आदळून फुटले. सर्व माल गमावून जमशेटजी कलकत्त्यामार्गे मायदेशी परतले.

याच जहाजावर त्यांची डॉक्टर विल्यम जार्डिन यांच्याशी ओळख झाली. पुढे दोघांनी कापूस व अफूच्या व्यापारात अमाप संपत्ती मिळवली. अफूने चीनमध्ये असंख्य घरे उद्ध्वस्त केली, हे सत्य आम्ही झाकू इच्छित नाही.

या संपत्तीतूनच मुंबईचे जे. जे. रुग्णालय उभे राहिले. माहीमची खाडी तेव्हा नावेने ओलांडावी लागे व पावसाळ्यात ती धोक्याची असे. जमशेटजींच्या पत्नी आवाबाई यांनी सुमारे दीड लाख रुपये दिले आणि १८४५ साली कॉजवे पूर्ण झाला. जमशेटजी १८५९ साली निवर्तले. पाण्याने ज्याचे सर्वस्व नेले, त्याच्याच घरातून इतरांना पाण्यावरून सुखरूप नेणारी वाट मिळाली.